धान्यकंपन्यांची हवामानविषयक वचने : ती कशी पारखावीत?

गेल्या वर्षी एका मोठ्या खरेदीदार कंपनीकडून आमच्या बेळगावच्या पेढीवर एक छापील प्रश्नपत्रक आले. वखारीस वीज किती लागते, मालमोटारींत डिझेल किती जळते, तांदूळ कोणत्या भागातून येतो, असे प्रश्न त्यात होते. आमच्या मुनीमजींनी अंदाजाने आकडे घालून ते परत धाडण्याची तयारी केली. आम्ही ते थांबविले आणि हे प्रकरण मुळात काय आहे, हे समजून घेण्याचा यत्न केला. जे उमगले ते सभासद बंधुभगिनींपुढे सादर करीत आहोत.

हवा तापविणाऱ्या वायूंचा हिशेब ठेवण्याची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत २००१ साली ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन खाती आहेत. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या व वाहने यांतील इंधन पहिल्या खात्यात पडते. विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. आणि शेतापासून ग्राहकाच्या घरापर्यंत, कंपनीच्या दाराबाहेर परंतु तिच्या व्यापारापायी जे घडते, ते सारे तिसऱ्यात.

धान्याच्या धंद्यात हे तिसरे खातेच सर्वांत जड असते. पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो. युरियासारख्या नत्रखतांमुळे जमिनीतून नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट उष्णता वाढवितो. जंगल तोडून शेत केले, तर झाडांत व मातीत साठलेला कार्बनही हवेत जातो. म्हणून, ‘आम्ही गिरणीवर सौर तावदाने बसविली’ एवढेच सांगणाऱ्या कंपनीने आपल्या वहीचे पहिले पानच दाखविले, असे समजावे.

उदाहरणार्थ कारगिल ही कंपनी घेऊ. १८६५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात एका धान्यकोठारापासून सुरू झालेली, कुटुंबाच्या मालकीची ही पेढी आज जगातील अग्रगण्य धान्यव्यापाऱ्यांत गणली जाते. तिने दोन वचने दिली. पहिले, स्वतःच्या कारखान्यांतील एकूण उत्सर्जन २०१७ च्या मानाने २०२५ पर्यंत १० टक्के घटविण्याचे. दुसरे, पुरवठासाखळीतील उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के घटविण्याचे. परंतु हे दुसरे वचन ‘दर टनामागे’ आहे.

या दोन शब्दांत मोठा भेद आहे. समजा, एखादी कंपनी १ लाख टन माल विकते आणि दर टनामागे १ टन वायू सोडते. तिने दर टनाचे प्रमाण ३० टक्क्यांनी उतरविले, पण विक्री दीड लाख टनांवर नेली, तर एकूण वायू १ लाख ५ हजार टन होतो. वचन पाळले गेले, आणि हवेवरचा बोजा मात्र वाढला! भाव उतरला म्हणून बिल उतरतेच असे नाही, हे आपणा व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको.

मुदतीकडेही पाहावे. पुरवठासाखळीतील जंगलतोड २०२० पर्यंत थांबविण्याचे उद्दिष्ट गाठता येणार नाही, हे याच कंपनीने २०१९ साली मान्य केले. पुढे २०२३ मध्ये ब्राझील, अर्जेंटिना व उरुग्वे या देशांतील प्रमुख पिकांपुरती २०२५ ची मुदत जाहीर केली. हुंडी मुदतीस न सकारता नवी लिहून दिली, तर धनको जसा जुनी हुंडी जपून ठेवतो, तसे जुने अहवालही जपून ठेवावेत.

आपल्या देशात सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला; परंतु त्या नमुन्यात पहिली दोन खाती आवश्यक आणि तिसरे ऐच्छिक ठेवले.

सारांश, कोणतेही वचन हाती आले की चार गोष्टी विचाराव्यात: तिसरे खाते धरले आहे काय? घट एकूण बोजाची की दर टनाची? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? आणि हिशेब त्रयस्थाने तपासला आहे काय?

आता प्रश्नपत्रक आपल्याकडे का येते, हेही ध्यानी येईल. त्या कंपनीचे तिसरे खाते म्हणजे आपल्याच वखारी, आपल्याच मोटारी आणि आपल्या शेतकऱ्यांची शेते होत. आपण खोटा आकडा दिला, तर तोच वर जाऊन मोठ्या अहवालात छापला जाईल. म्हणून आम्ही वर्षाची वीजबिले व डिझेलच्या पावत्या काढून खरे आकडे भरले, आणि शेतीविषयीच्या रकान्यात ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहून दिले. मुनीमजींना ते कमीपणाचे वाटले. परंतु वहीतील कोरा रकाना पुढे भरता येतो; खोटा आकडा मात्र पेढीचे नाव घेऊन जातो, असे आमचे नम्र मत आहे.