तारापूरचे इंधन

शेजारच्या काकूंनी पातेले नेले, तर ते परत मागता येते. विरजण दिले, की ते परत येत नाही. त्या चमचाभर विरजणातून त्यांच्या घरी रोज नवे दही लागत राहते. अणुविद्या परदेशास देताना राष्ट्रे नियमांची एवढी कुंपणे का घालतात, हे कळावयास हा घरगुती दाखला मला पुरेसा वाटतो. यंत्राबरोबर ज्ञानही जाते. शिवाय अणुभट्टीत जळलेल्या युरेनियमातून प्लुटोनियम काढता येते, आणि ते विजेस उपयोगी तसेच बॉम्बलाही. म्हणून देणारा वचन मागतो : वस्तू शांततेच्याच कामी लावू, तिसऱ्यास देणार नाही, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांस ती पाहू देऊ.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तारापूरची हकीकत या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. १९६३ साली भारत व अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला आणि १९६९ मध्ये तेथील दोन अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. खाणीतल्या युरेनियमात सहज भंग पावणारा अंश अवघा ०.७ टक्के असतो. या भट्ट्यांना तो वाढविलेले इंधन लागे व ते अमेरिकेने पुरवावयाचे होते.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. त्याचे प्लुटोनियम कॅनडाच्या साहाय्याने तुर्भे येथे उभारलेल्या भट्टीतले; तारापूरचा त्याशी संबंध नव्हता. तरीही पुरवठादार राष्ट्रांनी आपला गट बांधला, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला : घेणाऱ्याने आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली करावीत. भारताने नकार दिला. करार आधीचा, कायदा मागाहूनचा. मग दिलेल्या शब्दाचे काय? १९८० मध्ये अमेरिकेच्या सिनेटने एका खेपेस ४८ विरुद्ध ४६ मतांनी वाट दिली. केवळ दोन मतांचे अंतर! पुढे तो पुरवठा थांबलाच. इंधन प्रथम फ्रान्सने, नंतर चीन व रशिया यांनी दिले. जळलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्यास उभय देशांचा संयुक्त निर्णय लागे. तो होईना, म्हणून ते तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत साठत राहिले.

६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादारांच्या गटाने भारताला अपवाद केले. भारताने नागरी केंद्रे लष्करी केंद्रांपासून वेगळी काढून तपासणीखाली आणण्याचे मान्य केले होते. आता भारतही देणाऱ्यांच्या बाजूस उभा आहे : अणुविषयक सामग्री वा तंत्रज्ञान येथून बाहेर न्यावयाचे, तर सरकारचा परवाना लागतो.