कॅमेरा किती ग्रॅमचा आणि हाताला किती जड?

'मोबाइल पुरत नाही, कॅमेरा घ्यायचाय, पण जड होईल का?' हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. साठ-सत्तर हजारांची वस्तू जड वाटते म्हणून कपाटात पडून राहिली, तर खिशातला मोबाइलच बरा. म्हणून आज फक्त वजनावर बोलू.

कॅनन १५००डी आणि सोबतची १८-५५ लेन्स मिळून साधारण सातशे ग्रॅम. मोबाइल दोनशेच्या आसपास. म्हणजे मोबाइल हलका, विषय संपला? नाही ना. गॅदरिंगचं दहा मिनिटं शूटिंग केलं की खांदा भरून येतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. कारण सोपं आहे. ताण नुसत्या वजनाचा नसतो, वजन अंगापासून किती लांब आहे त्याचाही असतो. (बीटेकच्या पहिल्या वर्षातलं एवढंच आज कामाला येतंय!) मोबाइल आपण हात लांब करून धरतो, त्यामुळे अख्ख्या हाताचं वजनही खांद्यालाच तोलावं लागतं. व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा डोळ्याला लागतो, कोपरं बरगड्यांना टेकतात आणि बराच भार अंगावर जातो.

आता लेन्स. मिररलेस आले आणि बॉडी लहान झाल्या, पण मोठ्या लेन्स तेवढ्या आटल्या नाहीत. सोनी ए७ थ्रीची बॉडी ६५० ग्रॅम, तर त्याच कंपनीची २००-६०० लेन्स दोन किलोच्या वर. सगळा भार पुढे झुकतो. अशा वेळी डावा हात लेन्सखाली गेला नाही तर उजवं मनगट बोंबलणारच. म्हणून मोठ्या लेन्सला लहान बॉडी हे समीकरण मला पटत नाही. तिथे भरघोस ग्रिप असलेली, शंभर-दोनशे ग्रॅम जास्तीची बॉडी हाताला हलकी वाटते.

पण कोणाला काय झेपेल, हे कामावरही ठरतं. आपल्याच जिल्ह्यात बघा. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे फोटो काढायला जाणारा माणूस मोठी लेन्स आनंदाने नेतो. माळरान सपाट आहे, मोनोपॉडवर भार टेकवता येतो आणि काळवीट लांबच उभं असतं, त्यामुळे लेन्सला पर्याय नाही. तोच माणूस अकोल्यातल्या बारी गावातून कळसूबाई चढायला लागला की हिशोब फिरतो. शिखर १६४६ मीटरवर, वाटेत लोखंडी शिड्या. शिडीवर दोन्ही हात कठड्याला हवेत. गळ्यातला कॅमेरा तिथे पुढे झुलतो आणि पायरीवर आपटतो. तिथे अडचण वजनापेक्षा झुलण्याची आहे. छातीशी घट्ट बसणारा पट्टा असेल तर किलोभराचा कॅमेराही निमूट वर येतो.

सगळ्यात अवघड काम मात्र लग्नाचं. माझा मावसभाऊ संगमनेरकडे लग्नं शूट करतो. मे महिन्याचं ऊन, सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत अंगावर दोन कॅमेरे. त्याने ७०-२०० एफ २.८ ऐवजी एफ ४ वापरायला सुरुवात केली. दीड किलोच्या जागी ८४० ग्रॅम. अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ वाढवावा लागतो, फोटोत दाणे येतात, ते त्याने मान्य केलंय. 'दाणे कॉम्प्युटरवर कमी होतात, मान नाही होत,' असं म्हणतो.

आणि हाताचा आकार! यावर कोणी बोलतच नाही. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीची बोटं लहान आहेत. मोठ्या बॉडीवर शटरपर्यंत बोट नेताना तिची पकड सुटते, आणि माझ्या हातात तिच्या छोट्या कॅमेऱ्याची करंगळी खाली लोंबकळते. तरी दोघांना इंटरनेटवर 'बेस्ट कॅमेरा' म्हणून एकच मॉडेल दाखवतात.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा आपल्याला हवी ती लेन्स लावूनच कॅमेरा मागा. डोळ्याला लावून पाच मिनिटं तसेच उभे राहा, दुकानदार बघत असला तरी. करंगळी कुठे आहे, शटरवर बोट न ताणता पोचतं का, मनगट वाकतंय का ते बघा. ट्रेकसाठी घेत असाल तर त्याआधी घरी एक गंमत करा: बॉडी आणि लेन्स मिळून जेवढे ग्रॅम, तेवढं पाणी बाटलीत भरा, पट्ट्याला अडकवा आणि रविवारी जवळच्या टेकडीवर जाऊन या.