शाळा कोणाची?

शाळा कोणाची, असें विचारल्यास व्यवहारी मनुष्य म्हणेल, जो पैसा देतो त्याची. श्रोतेहो, हेंच उत्तर जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढील आपल्या निवेदनांत सरकारवर उलटविलें. तिजोरींतील बहुतेक पैसा जर शेतकऱ्याच्या घामाचा, तर तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर कां खर्चावा? निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतून घ्यावे, आणि मोडी, बाळबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतकीचीं मूलतत्त्वें व आरोग्याचे धडे असावे, अशी त्यांची मागणी होती.

खर्च कोणासाठीं, शिकविणार कोण आणि शिकवावयाचें काय, हे तीन प्रश्न त्यांनीं एकत्र मांडले होते. पुढें त्यांची ताटातूट झाली. सक्तीचें तेवढें मार्गास लागलें. गोखल्यांचें १९११ चें विधेयक पुढच्याच वर्षीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत मात्र शाहू छत्रपतींनीं १९१७ त कायदा केला. आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला.

या कायद्याच्या २१ व्या कलमानें शाळेची व्यवस्थापन समिति नेमावयाची असते. तींत तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कारभारावर देखरेख, विकासाचा आराखडा व अनुदानाचा हिशेब हीं तिचीं कामें. अभ्यासक्रम मात्र २९ व्या कलमान्वयें सरकारनें नेमलेल्या विद्याविषयक संस्थेनें ठरवावयाचा. म्हणजे गळक्या छपराविषयीं आईनें बोलावें; पुस्तकाविषयीं नव्हे!

सर्वच सत्ता गांवाच्या हातीं द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. अस्पृश्यांच्या मुलांना शाळेबाहेर ओट्यावर बसविण्याचा आग्रह गांवचाच असे, आणि फुल्यांनींही गाऱ्हाणें नेलें तें सरकारपुढें, गांवकीपुढें नव्हे. गणित वा विज्ञान गांवोगांव निराळें असूं नये, हें उघड आहे.

पण मेळघाटांतील कोरकू मुलाचें काय? त्याच्या घरची भाषा मराठी नव्हे. शिक्षण होईल तितकें मातृभाषेंतून असावें, असें याच २९ व्या कलमांत लिहिलें आहे. परंतु किती होण्याजोगें आहे हें ठरविण्याचें काम २१ व्या कलमांतील समितीच्या कामांत गणलेलें नाहीं. पहिल्या दोन इयत्तांत कोणत्या भाषेंतून शिकवावें आणि ती जाणणारा शिक्षक मिळाला कीं नाहीं, एवढें तरी त्या समितीस विचारल्यावांचून ठरूं नये.