सेकंडहँड गाडी, फर्स्टहँड ओळख

जुनी गाडी घेतलीय? मग एक रविवार तिच्या नावावर करा. पैसे वाचतील ते वेगळंच, पण आपण नेमकं काय विकत घेतलंय ते तरी कळेल!

नव्या गाडीच्या ईएमआयचं गणित काही केल्या जुळत नाही. मग ओळखीतून कुणाची तरी दहा-बारा वर्षांची अल्टो दारात येते. हार, नारळ, पेढे सगळं साग्रसंगीत होतं. विकणारे काका छातीवर हात ठेवून सांगतात, ‘सिंगल हँड यूज आहे, एकदम मेन्टेन्ड!’ आपणही खुशीत मान डोलावतो.

काका खोटं बोलत असतील असं नाही. पण ऑइल शेवटचं कधी बदललं, प्लग किती वर्षांचे आहेत, रेडिएटरमध्ये कूलंट आहे की नळाचं पाणी, हे बऱ्याचदा त्यांनाही ठाऊक नसतं. सर्व्हिस बुक तर शिफ्टिंगमध्ये हरवलेलंच असतं. थोडक्यात काय, गाडी आपली होते, पण तिचा भूतकाळ काही हाती लागत नाही. आणि तो कळतो कधी? भर पावसात, घाटात, मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असताना!

म्हणूनच घरच्या घरी ट्यून-अप. मेकॅनिकचे चार पैसे वाचवणं हा त्यातला बोनस. खरा फंडा आहे तो गाडी वाचायला शिकण्याचा.

ट्यून-अप म्हणजे काय रे भाऊ?

कार्ब्युरेटरच्या जमान्यात ट्यून-अप म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन कान लावून बसायचं काम होतं. एमपीएफआय गाड्यांमध्ये पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे कॉम्प्युटर बघतो. तिथल्या स्क्रूंना हात लावायचं कारण नाही. आपल्याकडे उरतात त्या साध्या गोष्टी : प्लग, एअर फिल्टर, बॅटरी, ऑइल, कूलंट. त्यासाठी प्लगच्या मापाचा पाना, साधे पाने, मल्टिमीटर, जुना टूथब्रश आणि फडकी एवढं पुरतं. आणि हो, गाडीचं मॅन्युअल. प्लगचा नंबर, ऑइलचा ग्रेड ही मापं त्यातूनच घ्यायची, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नाही!

प्लग बघून पत्रिका

सन २००० मध्ये आलेल्या अल्टोचंच बघा. तिच्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलिंडर, म्हणजे प्लगही तीनच. गणित सोपं! इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना प्लग काढायला गेलात तर अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे खराब होऊ शकतात. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाईल. आणि एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही.

आता प्लगचं टोक उजेडात धरा. हलका तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर निश्चिंत व्हा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो. टोक पांढरंफटक, भाजल्यासारखं दिसलं तर इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय. आणि ओलसर, तेलकट काळा थर असेल तर पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजून ऑइल आत जळत असण्याची शक्यता आहे. हे शेवटचं दिसलं तर नवे प्लग घालून प्रश्न सुटणार नाही; मेकॅनिक गाठा.

नवा प्लग आधी नुसत्या हातानं फिरवायचा. अडखळला तर जोर करू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ लावा. वॉशरवाला नवा प्लग हातानं घट्ट बसल्यावर पान्यानं साधारण अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. ‘अजून थोडं’ या मोहात हेडचे आटे गेले तर काहीशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

श्वास, रक्त, पाणी

एअर फिल्टर उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नसतो, हे लक्षात असू द्या. फिल्टरच्या डब्यात दाणे, कागदाचे कपटे सापडले तर समजा की तिथे उंदीरमामांचा मुक्काम आहे. लगोलग वायरी तपासा!

ऑइल बघताना गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक पुसून पुन्हा आत घाला, मग लेव्हल बघा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, वापरानं ते काळं होतंच. पण दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळल्याचा संशय घ्या. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. अशी गाडी सुरूच करू नका, टो करून गॅरेजला न्या.

रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी दाबानं थेट चेहऱ्यावर येतं. थंड झाल्यावर बघा. गंजाळ तपकिरी पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. सिस्टिम फ्लश करून योग्य कूलंट भरून घ्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं घासा, कोरडं करा, टर्मिनल लावल्यावर वरून थोडं व्हॅसलीन फासा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण १२.६ असतो. इंजिन सुरू केल्यावर तो साधारण १४ च्या आसपास गेला पाहिजे. नाही गेला तर दोष अल्टरनेटरकडे शोधा. उगाच नवी बॅटरी घेऊन येऊ नका.

आणखी एक. भारतात ई-२० पेट्रोल २०२३ पासून मिळू लागलं आणि आता सर्रास तेच मिळतं. त्याआधीच्या अनेक गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या. तेव्हा बॉनेट उघडलंच आहे तर पेट्रोलच्या रबरी नळ्यांवरून नजर फिरवा. भेगा, फुगवटा किंवा पेट्रोलचा वास म्हणजे नळी लगेच बदलायची.

इथे हात जोडा!

सगळंच आपण करायचं नसतं. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. स्टँड नसतील तर ऑइल बदलायचं काम गॅरेजमध्येच होऊ द्या. घरी बदललंच तर जुनं ऑइल गटारात ओतू नका. तो घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

ब्रेक आणि टायमिंग बेल्ट ही तर शंभर टक्के जाणकाराची कामं. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. बेल्ट तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते. अनेक इंजिनांत तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे तेही एकदा बदलून घ्या.

टायर बघायला मात्र मेकॅनिक लागत नाही. कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी छान दिसली तरी रबराचं वय लपत नाही.

नवी वही, नवा डाव

पार्ट घेताना जुना सॅम्पलला बरोबर न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दुकानांची कमी नाही. फक्त डुप्लिकेट माल टाळा आणि बिल मागून घ्या.

आता शेवटचं काम. एक साधी वही घ्या. आजची तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय दिसलं ते लिहा आणि वही ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायचं की गाडी भंगारात काढायची, या प्रश्नाचं उत्तर हीच वही देईल. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘मॅडम, प्लग गेलेत’ असं कुणी म्हणालं, तर तुम्ही शांतपणे विचाराल, ‘रंग कुठला होता?’

आणि कधीतरी तुम्हीही ही गाडी विकालच की. तेव्हा ‘एकदम मेन्टेन्ड’ असं नुसतं सांगायची वेळ येणार नाही. वही पुढे करा, बस्स!