हानलेच्या आकाशातली लाली
१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेहून उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. ध्रुवीय प्रकाश, आणि तोही चक्क भारतातून! सूर्यावरच्या स्फोटांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोठं वादळ उठवलं होतं. १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, २०० च्या वरचा लाल. पृथ्वीच्या गोलाईमुळे हानलेहून हिरवा भाग क्षितिजाआड राहतो. दिसते ती माथ्याची लालीच. अंधारात डोळ्यांना लाल रंग फार फिका जाणवतो, कॅमेरा मात्र तो साठवत जातो. म्हणून ट्रायपॉड हवाच. फोकस हाताने ताऱ्यावर साधा, एक्स्पोजर १०-१५ सेकंदांचं ठेवा. नॉर्वेत हिरवे पडदे झपाट्याने हलत असतील, तर २-३ सेकंदच पुरेत. नाहीतर त्यांच्या सुंदर घड्या फोटोत पुसल्या जातात.