लॅपटॉप गेला, फायली राहिल्या
मंडळी, माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला. आत 40 वर्षांची टिपणं! पहिली ऊर्मी काय, तर चालू करून बघायची. तीच आवरायची. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की शॉर्ट होतं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. तांदळात पुरू नका. चहातली साखर तांदूळ थोडीच शोषणार? लॅपटॉप मेला तरी हार्ड डिस्क बऱ्याचदा शाबूत असते (देह-आत्म्याचा वाद इथे फारच सोपा!). ती बाहेर काढायची. कोरडी असेल तर सॅटा-यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या संगणकाला जोडून आधी फायली उतरवून घ्या. डिस्कच भिजली असेल तर मात्र जोडू नका, उघडूही नका. तिला हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथून ओल आत गेलेली असू शकते. ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यायची. माझी कोरडी निघाली.