स्वस्त प्रवासाचा हिशेब

अकोल्याच्या कारखान्यातला एक तरुण परवा युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, "भाऊ, सायकलनं नेपाळच्या पहाडात फिराचं हाय. सस्तं कसं पडन?" रजा दहा दिवसांची, तीही बिनपगारी.

कागद घेऊन बसलो. व्हिसाचा खर्च नाही. १९५० च्या भारत-नेपाळ तहापासून ये-जा मोकळी आहे. विमानाने जायचे तर सायकल खोक्यात बांधून तिचे वजन भरावे लागते. आगगाडीने भुसावळ, तेथून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, पुढे बसने सोनौलीची सीमा, मग पोखरा. सायकल पार्सल कचेरीत नोंदवली की ब्रेकव्हॅनमधून जाते. भाडे बेताचे, पण ती आपल्याच गाडीने उतरेल याची खात्री नाही. गोरखपूरला तिच्यासाठी दोन दिवस अडकलात, तर दोन दिवसांची मजुरी फुकट गेली. ती तिकिटावर छापलेली नसते, म्हणून कोणी धरत नाही. (घरापासून फाटकापर्यंतचा आमचा वेळ मालकही धरत नाहीत!)

पोखऱ्याला डोंगरी सायकली भाड्याने मिळतात. ते भाडे आणि ही बुडीत मजुरी शेजारी-शेजारी लिहून पाहा, म्हटले. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात, तेव्हा आकडा ऐकून दचकू नकोस.

त्याने सायकल घरीच ठेवली.